हातचा

एकतीस डिसेंबरच्या रात्री नगरपालिकेत मी एकटीच.
भिंतीवर रीगाहून आलेला तक्ता:
शून्य पूर्णांक सात शून्य दोन आठ शून्य चार,
इतक्या लातांचा एक युरो.
एकही आकडा गाळू नये, असं खाली लाल अक्षरांत.

दुपारी दुकानात पावावर दोन किमती होत्या,
साठ सांतीम, पंच्याऐंशी सेंट.
महाग झाला की, बिरुता म्हणाली.
नाही गं, नुसतं नाव बदललंय.
लग्नात माझंही नुसतं नावच बदललं होतं, म्हणाली,
आणि सुट्टे पैसे मोजत बसली.

सगळं सुरू झालं दोन हजार नऊमध्ये.
पैसा पडू द्यायचा नाही, असं ठरलं.
बरोबरच होतं, मी आजही तेच म्हणेन:
पीटेरिसचं घरकर्ज युरोत होतं,
अर्ध्या गल्लीचं तसंच,
लात पडला असता तर त्यांची छपरं पडली असती.
पण कशाला तरी स्वस्त व्हावंच लागतं.
मग शिक्षक स्वस्त झाले. नर्स स्वस्त झाल्या.
दवाखान्यातल्या अकरा खाटा,
संध्याकाळची बस,
आणि पद क्रमांक सतरा,
म्हणजे एरिका, जी शाळेत बीटाचं सार करायची
आणि मला, मी पालिकेची हिशेबनीस म्हणून,
ताटलीत एक डाव जास्त वाढायची.
मी कात्री नाही चालवली.
पेन्सिल चालवली, टोक काढून काढून.

रीगाचा साहेब सभ्य होता,
पायपुसण्यावर दोनदा बूट घासून आत आला.
तूट तीन टक्क्यांच्या आत, बाई, म्हणाला,
मगच ते दार उघडतं.
आमच्याकडे बाष्पस्नानाच्या खोलीचं दार बुटकं असतं,
ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.
वाकल्याशिवाय कुणाला आत जाता येत नाही.
वाकलो.
आत ऊब आहे, खोटं कशाला बोलू,
व्याज उतरलंय, बँकेसमोरच्या रांगा संपल्या आहेत.
फक्त आत आल्यावर मी माणसं मोजली.

कर्ज भागिले माणसं.
अंश आटोक्यात ठेवला म्हणून आम्हाला शाबासकीचं पत्र आलं,
ते फ्रेम करून महापौरांच्या खोलीत लावलंय.
छेदाबद्दल पत्रात काही नव्हतं.
शाळेच्या शेवटच्या पटावर चौदा मुलं,
त्यांची गणिताची बाई माझी मुलगी.
तिच्या शाळेच्या कागदावर सही माझीच आहे.
सिगिताने कधी विषय काढला नाही.
आयर्लंडला मशरूमच्या शेडमध्ये लागली,
अंधारात, ओल्या मातीवर, किलोच्या भावाने.
युरो देशात येतोय म्हणून उद्या भाषणं होतील.
आमच्या घरी तो चार वर्षांपूर्वीच आला,
महिन्याच्या सात तारखेला, पाकिटातून.

लहानपणी तिला मी बेरीज शिकवली होती:
नऊ आणि सात सोळा,
सहा मांड, एक हातचा.
हातचा ठेवायचा कुठे, तिने विचारलं होतं.
हातात, म्हटलं होतं मी. म्हणून तर त्याचं नाव हातचा.
मग तिने सबंध संध्याकाळ मूठ उघडली नाही,
जेवतानासुद्धा.

बारा वाजले. नदीपलीकडे कुणीतरी फटाके उडवले,
दोनच, काटकसरीने.
मी जुन्या वहीत अखेरची शिल्लक मांडली,
नव्या वहीत तीच, आरंभीची म्हणून,
भागून, सहाही आकडे लावून.
एका लातचं एक नाणं मात्र मांडलं नाही.
माझंच होतं, पर्समधलं,
ज्याच्यावर सॅमन मासा उडी मारतोय.
तो मासा समुद्रातून उलटा पोहत
जन्मल्या नदीत परत येतो म्हणतात.
मी त्याच्यावर फार विश्वास ठेवत नाही,
पण मूठ मिटून बसले.

फोन वाजला. तिकडे अजून दहाच वाजले होते.
आई, आता आपला पैसा एकच झाला, सिगिता म्हणाली.
हो, म्हटलं.
बराच वेळ दोघीही गप्प. तिच्या मागे कुणीतरी हसत होतं.
मग तिने विचारलं, राईचा पाव केवढ्याला झाला?
पंच्याऐंशी सेंट.
इथे दोन युरोला मिळतो, म्हणाली,
आणि पांढरा.